एम्शर: गटाराची पुन्हा नदी

जर्मनीच्या रूर भागात डॉर्टमुंड, हेर्ने, गेल्झेनकिर्खेन, एसेन, ओबरहाउझेन ही शहरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. कोळसा आणि पोलाद यांवर ती वाढली. त्यांचा मैला मात्र शंभराहून अधिक वर्षं एकाच छोट्या नदीनं, एम्शरनं, वाहून नेला.

एवढ्या श्रीमंत मुलखानं गटारं जमिनीखाली का नाही घातली? कारण खाली खाणी होत्या. कोळशाचा थर काढला की वरची जमीन बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. काही जागा 20 मीटरपेक्षाही जास्त खचल्या. अशा जमिनीत पुरलेले पाइप फुटतात, नाहीतर त्यांचा उतारच उलटा होतो. उघडा नाला खचला तर निदान दिसतो, खोदून दुरुस्त करता येतो. म्हणून नदीच सरळ करून तिच्या तळाला काँक्रीट घातलं. लोक पडू नयेत म्हणून कडेनं कुंपण.

हे काम एकट्यादुकट्या शहराच्या आवाक्यातलं नव्हतं. वरच्या गावानं घाण सोडायची आणि खालच्यानं ती सोसायची, हा खेळ आपल्याला नवा नाही. 1899 मध्ये तिथल्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांची एक सहकारी संस्था निघाली. साखरपट्ट्यातल्या वाचकाला सहकार काय सांगायचा! पण इथे सभासदत्व ऐच्छिक नव्हतं. 1904 मध्ये त्यासाठी खास कायदाच झाला. ज्याची घाण जास्त, त्याची वर्गणी जास्त. माझ्या मते सगळी गोम या सक्तीत आहे. नुसत्या सदिच्छेवर एवढी वर्षं कोण पैसे भरेल?

याच संस्थेत कार्ल इम्होफ या अभियंत्यानं दुमजली टाकी बसवली. वरच्या मजल्यातून पाणी संथ वाहतं, गाळ तिरक्या तळावरून घसरत फटीतून खाली उतरतो आणि तिथे ऑक्सिजनविना कुजतो. त्यातून निघणारा वायू वरचं पाणी ढवळत नाही. आपल्याकडचे सिव्हिलचे विद्यार्थी परीक्षेसाठी जिची आकृती काढतात, तीच ही ‘इम्होफ टँक’.

खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली आणि भूमिगत गटार शक्य झालं. 1989 मध्ये तिथल्या राज्य सरकारनं 17 शहरांना बरोबर घेऊन दहा वर्षांचा पुनरुज्जीवन प्रकल्प हाती घेतला. त्यात डुइसबुर्गचा बंद पडलेला लोखंड कारखाना न पाडता त्याचं उद्यान झालं. नदीसाठी मात्र तीस वर्षं आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले. डॉर्टमुंड ते डिन्सलाकेन 51 किलोमीटरची मुख्य भूमिगत सांडपाणी-वाहिनी, उतार किलोमीटरला फक्त दीड मीटर. याहून सपाट ठेवली तर गाळ बसतो, तीव्र केली तर ती फार खोल जाते. आहे त्या उतारानंही ती 40 मीटरपर्यंत खाली पोचते, म्हणून वाटेत पंपांनी पाणी वर उचलावं लागतं. 2021 च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी पडणं थांबलं.

नदी शुद्ध झाली म्हणून नोकऱ्या आपोआप आल्या नाहीत. गेल्झेनकिर्खेनमधली बेकारी आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेकारीत मोडते. शिवाय खचलेली जमीन पुन्हा वर येत नाही. शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली, तरी खचलेल्या भागातलं पाणी उपसणारे पंप थांबवले तर कित्येक वस्त्या पाण्याखाली जातील. ते कायम चालवावे लागणार आहेत, आणि त्यांचं बिलही वाटूनच भरावं लागणार आहे.