मुरड्यापासून तारेपर्यंत

एक खडू घ्या आणि वाकवून मोडा. तुकडा सरळ, आडवा पडतो. आता दुसरा खडू दोन्ही टोकांना धरून ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. या वेळी तुटलेली कड तिरकी, साधारण ४५ अंशांत, मळसूत्रासारखी वळत गेलेली दिसेल. पिळताना आतले थर एकमेकांवरून सरकू पाहतात, त्यातून तिरका ताण पडतो. खडू दाबाला पक्का पण ताणाला कच्चा, म्हणून त्या तिरक्या रेषेवरच फाटतो. अभियंते या पिळाला ‘टॉर्शन’ म्हणतात.

शब्द मात्र कारखान्यातला नाही, पोटातला आहे. लॅटिनमध्ये ‘टॉर्क्वेरे’ म्हणजे पिळणं, मुरडणं. त्यावरून आलेला ‘टॉर्शन’ पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत आधी पोटातल्या कळेसाठी वापरला जाई. आपला ‘मुरडा’ही मुरडण्यातूनच आला की! वृषणाला पीळ पडला तर डॉक्टर आजही ‘टॉर्शन’च म्हणतात, आणि तेव्हा ऑपरेशनला काही तासांचीच सवड असते.

या शब्दमूळाचं गोत मोठं आहे. हातपाय पिरगाळण्यावरून ‘टॉर्चर’. पिळून पैसे काढण्यावरून ‘एक्स्टॉर्शन’. आपण त्याच अंगाने ‘पिळवणूक’ म्हणतो. ‘टॉर्च’ मुळात पीळ दिलेला पेटता पलिता, म्हणजे आपला काकडाच. संस्कृतातला ‘तर्कु’, सूत कातायची चाती, हाही याच घराण्यातला. चातीचं काम तरी दुसरं काय, सुताला पीळ देणं.

पिळाचा सर्वांत नाजूक उपयोग मला वाटतं इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशने केला. त्याने एक दांडी बारीक तारेने आडवी टांगली, तिच्या टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले आणि जवळ प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे आणले. त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने दांडी किंचित फिरली, तारेला पीळ पडला. पीळ किती यावरून ओढ किती ते कळतं, आणि त्या ओढीवरून पृथ्वीची घनता काढता येते. तार बारीकच हवी, कारण जाडी निम्मी केली की पिळाला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. माणसाच्या अंगाच्या उबेने हवा हलली तरी दांडी डुलायची, म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून मोजत असे. १७९८ साली त्याने उत्तर छापलं: पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन आहे. आजचा आकडा ५.५१.