आर्क्टिकच्या आकड्याचा गट नंबर

2025 च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून शेतांत शिरल्या होत्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजत होतं. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या गटांतून एकच नकाशा आला. वर उत्तर ध्रुवाभोवती सगळा निळा समुद्र, खाली लाल अक्षरांत ओळ : 'आर्क्टिकचा बर्फ संपला, तेच पाणी आता आपल्याकडे.'

दुसऱ्या दिवशी औसा तालुक्यातल्या गावाहून येणारा माझा बी.एस्सी.चा विद्यार्थी फोन पुढे करून म्हणाला, "सर, खरंय का हो हे?"

"नकाशाखाली काय लिहिलंय ते वाच. कुणी काढला, कोणत्या तारखेचा, आकडे कुठून घेतले?"

काहीच लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही प्रयोगशाळेतल्या संगणकावर मूळ आकडाच काढायला बसलो. त्या दुपारी जे उलगडत गेलं ते लिहावंसं वाटलं, कारण ध्रुवावरचा आकडा लातुरात बसून फुकट बघता येतो हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आधी एक गोष्ट. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ पाण्यावर तरंगतो. पेल्यातला बर्फाचा खडा विरघळला म्हणून पेला सांडत नाही. तसाच हा बर्फ वितळला म्हणून समुद्र फारसा चढत नाही, आणि ते पाणी मांजरेत तर येऊच शकत नाही. आर्क्टिकचा आपल्या पावसाशी संबंध असू शकतो, पण तो हवेच्या प्रवाहांमधून. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, ज्यात गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ होते, रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि भारतातला सप्टेंबरचा अतिमुसळधार पाऊस यांचा दुवा मांडला आहे. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'शक्य संबंध' असे शब्द आहेत. फिरत्या नकाशाने त्यातला 'शक्य' गाळला आणि उरलेलं वाढवून सांगितलं.

आता आकडा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथे राष्ट्रीय हिम आणि बर्फ विदा केंद्र आहे. विदा म्हणजे डेटा, नोंदलेली माहिती. समुद्री बर्फाची त्यांची रोजची फाइल कुणालाही उतरवून घेता येते. उघडली की साधा तक्ता दिसतो : वर्ष, महिना, दिवस, बर्फाचा विस्तार, मग 'गहाळ' नावाचा एक रकाना आणि शेवटी आकडा कोणत्या उपग्रह-फाइलवरून आला त्याचं नाव. या शेवटच्या दोन रकान्यांवर माझा जीव आहे. आम्हाला काय दिसलं नाही आणि जे दिसलं ते कशातून दिसलं, हे ती फाइल प्रत्येक ओळीत सांगते.

हा विस्तार मोजतात कसा? बर्फ आणि पाणी दोन्हींमधून सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) बाहेर पडतात, पण त्यांची तीव्रता वेगळी असते. उपग्रह ती टिपतो. ढग असोत वा ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र, अडत नाही. समुद्राचे साधारण 25 किलोमीटर बाजूचे चौकोन पाडलेले असतात. आपला लातूर जिल्हा अशा साडेअकरा चौकोनांत मावेल. एखाद्या चौकोनात 15 टक्के किंवा त्याहून जास्त बर्फ असला की तो अख्खा चौकोन बर्फाचा धरतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजवायला वेळ लागत नाही. मंडळातल्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस लागला की अख्खं महसूल मंडळ अतिवृष्टीचं. 64 लागला तर नाही. उंबरठा कुठे धरला हे कळल्याशिवाय आकडा कळत नाही.

तर 10 सप्टेंबर 2025 ला त्या वर्षातला सगळ्यांत कमी विस्तार नोंदला गेला : 46 लाख चौरस किलोमीटर. पंधरा महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ. म्हणजे 'संपला' हे खोटं. पण त्याच नोंदींत हेही आहे की उपग्रहाने मोजायला लागल्यापासूनचे सर्वांत कमी 19 वार्षिक नीचांक 2007 ते 2025 याच 19 वर्षांतले आहेत. म्हणजे 'काही बिघडलेलं नाही' म्हणणाराही खोटा. 2007 च्या सुमारास '2013 पर्यंत उन्हाळ्यात बर्फच राहणार नाही' असं भाकीत गाजलं होतं, तेही याच फाइलने खोटं ठरवलं. विज्ञानाच्या नावाने घाबरवणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो.

विद्यार्थ्याने मग विक्रमी वर्ष शोधलं, 2012. एका बातमीत 34.1 लाख, दुसरीकडे 33.9 लाख. फाइलमधल्या त्या दिवसाच्या ओळीत तिसराच आकडा, कारण जाहीर आकडा पाच दिवसांच्या सरासरीचा असतो. "सर, यातलं खरं कोणतं?" तिन्ही खरे, आपापल्या हिशेबाने. 34.1 हा त्या वेळी तातडीने जाहीर केलेला आकडा. पुढे विदेवर पुन्हा प्रक्रिया झाली तेव्हा तो 33.9 झाला. फरक 20 हजार चौरस किलोमीटरचा, जवळपास तीन लातूर जिल्हे. म्हणून नुसता आकडा सांगून भागत नाही. कोणती मालिका, तिची कितवी आवृत्ती आणि तुम्ही ती कोणत्या दिवशी घेतली, एवढं सांगावंच लागतं. 2009 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तर एका उपग्रहाचा संवेदक हळूहळू बिघडत गेला आणि बर्फ 5 लाख चौरस किलोमीटरने कमी दिसू लागला. केंद्राने चूक उघडपणे जाहीर केली, आकडे बदलले. त्या काळात कुणी फाइल उतरवली असेल आणि तारीख लिहून ठेवली नसेल, तर त्याच्या हिशेबातली चूक कुणालाच सापडणार नाही.

इथून मी माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळतो : डीओआय, म्हणजे डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर. ही विदेची कायमची ओळख.

संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता म्हणजे नावांची रांग असते. संस्थेचं नाव, विभागाचं नाव, फोल्डरचं नाव. आणि नावं बदलतात. उस्मानाबादचं 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, पण पिनकोड 413501 तोच राहिला. पोस्टमनला अडचण आली नाही, कारण त्या सहा आकड्यांत गावाचं नाव नव्हतंच. अर्थ नाही म्हणून तो शिळा होत नाही. डीओआयचं मर्म हेच.

डीओआय नेहमी '10.' ने सुरू होतो. मग संस्थेला दिलेला क्रमांक. 10.1594 दिसलं की ती विदा बहुधा जर्मनीतल्या पॅन्गिया या विदा-भांडारातून नोंदवली गेली, 10.18739 दिसलं की अमेरिकेच्या आर्क्टिक डेटा सेंटरमधून. पुढे तिरकी रेघ, आणि रेघेनंतर त्या एकाच विदासंचाची खूण, बहुधा निरर्थक अक्षरं-आकडे. तुम्ही डीओआयवर बोट ठेवलंत की विनंती थेट त्या भांडाराकडे जात नाही. ती आधी एका मधल्या नोंदवहीकडे जाते. तिथे पहिल्यांदा रेघेआधीचा भाग बघून या क्रमांकाच्या नोंदी कोणत्या सेवेकडे आहेत ते शोधलं जातं. मग त्या सेवेकडून पूर्ण डीओआयची नोंद येते, तीत 'प्रकार' आणि 'मूल्य' अशा जोड्या असतात. प्रकार 'वेबपत्ता' असलेल्या जोडीचं मूल्य उचललं जातं आणि तुमच्या ब्राउझरला सांगितलं जातं : आज ती वस्तू इथे आहे, तिकडे जा. हे सगळं क्षणात. या यंत्रणेला हँडल सिस्टिम म्हणतात. ती रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने उभी राहिली. इंटरनेटची मूळ संवाद-पद्धत व्हिंट सर्फ यांच्यासोबत रचणारे हेच कान.

सातबाऱ्याशी ताडून पाहा. गट नंबर तोच, जमीन विकली-वाटली की फेरफार होतो. डीओआय तोच, विदा एका भांडारातून दुसऱ्यात गेली की नोंदवहीतला पत्ता बदलतो. 2016 मध्ये अमेरिकेचं आर्क्टिक विदेचं जुनं भांडार बंद होऊन सगळा ठेवा कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथल्या नव्या आर्क्टिक डेटा सेंटरकडे आला. अशा वेळी असाच कारभार लागतो. पण लक्षात घ्या, फेरफार आपोआप होत नाही. भांडाराने नोंद बदलली नाही तर डीओआयही तुम्हाला ओसाड पानावर नेऊन सोडेल. त्यात जादू नाही. आहे ती संस्थांनी एकमेकींना दिलेली हमी, आणि 2009 मध्ये स्थापन झालेली डेटासाइट ही संघटना विदेसाठी ती हमी सांभाळते. एखादी विदा मागे घेतली गेली, तरी त्या जागी ती का आणि कधी काढली हे सांगणारं पान राहावं असा संकेत आहे.

आणखी एक पायरी, जरा किचकट. डीओआय तुम्हाला दारापर्यंत नेतो. आतली फाइल तीच आहे का, हे तो सांगत नाही. त्यासाठी फाइलचा गणिती ठसा काढतात. एसएचए-256 या पद्धतीत कितीही मोठी फाइल दिली तरी 64 अक्षरांचा ठसा मिळतो, आणि फाइलमधला एक दशांशबिंदू सरकला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. भांडारातला ठसा आणि तुमच्याकडचा ठसा जुळला, म्हणजे तुमची प्रत अस्सल. हे वाचून सोडून दिलंत तरी पुढचं अडणार नाही.

विदा जपायची इतकी धडपड कशाला? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 2 ते 22 वर्षं जुन्या 516 जीवशास्त्रीय शोधनिबंधांमागची मूळ विदा मागवून पाहिली. निबंध जसा जुना, तसं विदा मिळण्या-न मिळण्याचं गुणोत्तर दरवर्षी 17 टक्क्यांनी घसरत गेलं. लेखकांचे ईमेल बंद पडलेले, विदा जुन्या डिस्कांवर अडकलेली. प्रयोगशाळेतला प्रयोग निदान पुन्हा करता येतो. 2012 चा सप्टेंबर पुन्हा मोजता येत नाही. म्हणूनच पोलारस्टर्न हे जर्मन जहाज 2019-20 मध्ये वर्षभर बर्फात गोठवून घेत आर्क्टिकमधून वाहत नेलं, त्या मोझाइक मोहिमेने 1 जानेवारी 2023 पासून आपली विदा सगळ्यांना खुली करायचं आधीच ठरवून टाकलं होतं.

शोधायला सोपं आहे. पॅन्गिया, आर्क्टिक डेटा सेंटर, अनेक भांडारं एकत्र चाळणारं डेटावन, कॅनडाची ध्रुवीय विदासूची. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र 2008 पासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंडला आहे, 2014 पासून तिथल्या कोंग्सफ्योर्ड खाडीत आपलं निरीक्षण-यंत्र बुडवलेलं आहे, आणि ध्रुवीय विदेचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात आहे. विषय, जागा, वर्षं टाकून शोधा, मात्र विदेआधी तिचं वर्णन वाचा.

वर्णन न वाचता काय होतं ते सांगतो. मागे एका विद्यार्थिनीने न्यू-ओलेसुंडच्या जानेवारीच्या तापमानाची सरासरी काढून आणली : उणे 332 अंश. निरपेक्ष शून्य उणे 273.15 ला असतं, त्याखाली विश्वात काहीच जात नाही. तिचं गणित बरोबर होतं. 31 दिवसांपैकी एका दिवशी यंत्र बंद होतं आणि त्या जागी −9999 लिहिलेलं होतं. 'नोंद नाही' असा त्याचा अर्थ, आणि तो वर्णनात पहिल्याच पानावर दिलेला होता. तो एक दिवस वगळल्यावर सरासरी उणे 10 आली.

सगळंच उघड्यावर टाकावं असंही नाही. आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी इनुइट समाजाचे शिकारी बर्फाची जाडी, वाटा, प्राण्यांच्या जागा पिढ्यान् पिढ्या ओळखतात. त्यांचं हे ज्ञान नोंदवताना ते कुणाचं, कुणाला दाखवायचं, हे ठरवण्याचा हक्क त्या समाजाचा, अशी भूमिका घेऊन बोल्डरमध्येच एलोका नावाचा उपक्रम चालतो. श्रेय देणं हाही संदर्भाचाच भाग आहे.

आपल्याकडे पंचांगात नक्षत्राचं वाहन बघून पाऊस सांगतात. वाहन म्हैस, पाऊस भरपूर. वाहन कोल्हा, पाऊस कमी. माझी हरकत साधी आहे : गेल्या 40 वर्षांत कोणत्या नक्षत्राचं भाकीत काय होतं आणि प्रत्यक्षात किती मिलिमीटर पडला, याची वही मला कुठे आढळलेली नाही. ज्याची वही नाही ते चुकलं हेही सिद्ध करता येत नाही, आणि म्हणूनच त्यावर पेरणी ठरवू नये.

त्या दुपारी विद्यार्थ्याने गटावर उत्तर टाकलं. केंद्राचं नाव, मालिकेचं नाव, आवृत्ती, फाइल उतरवल्याची तारीख, डीओआय आणि मग आकडा. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं 'हे 10 पॉइंट काय आहे?' त्याला फोन करून समजावलं.

पुढच्या आठवड्यात माझा हा विद्यार्थी एक वही घेऊन आला. त्याच्या आजोबांनी अंगणात पर्जन्यमापक ठेवून 1989 पासून रोजचा पाऊस लिहिला होता. आम्ही ती संगणकावर भरायला घेतली. मापक कशाच्या जवळ होतं, किती वाजता बघायचे, हे आजोबांना विचारून आधी वर्णन लिहिलं. उपग्रहाच्या मालिकेतही 3 डिसेंबर 1987 पासून जानेवारी 1988 च्या मध्यापर्यंतचा काळ रिकामा आहे, यंत्र बंद होतं म्हणून, आणि तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे, हे त्याने पाहिलेलं होतं. वहीत 29 सप्टेंबर 1993 नंतर बारा दिवस कोरे होते. त्याने शून्य भरलं नाही. 'गहाळ' रकान्यात लिहिलं : 'किल्लारी भूकंप. घर पडलं. मापक ढिगाऱ्याखाली.'