वजन पेलणं आणि वजन उचलणं

आमच्या सोसायटीतली तेरा वर्षांची एक मुलगी गेल्या वर्षी सायकलवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता हिला वेट-बेअरिंग व्यायाम करू दे." वडिलांच्या कानात त्यातलं 'वेट' तेवढं शिरलं आणि संध्याकाळी ते दोन-दोन किलोच्या डंबेल्सची जोडी घेऊन घरी आले. पोरगी रोज सोफ्यावर बसून, टीव्ही बघत ती डंबेल्स वरखाली करायची. डॉक्टरांनी तिला खरं तर सोफ्यावरून उठायला सांगितलं होतं.

हा घोळ बहुतेक घरांत होतो, कारण दोन्ही व्यायामांच्या नावात वजन आहे. वेट-बेअरिंग म्हणजे वजन पेलणं: आपल्याच शरीराचा भार आपल्या पायांवर घेऊन धावणं, उड्या मारणं, खो-खो, बास्केटबॉल. वेट ट्रेनिंग म्हणजे बाहेरचं वजन उचलणं. खांद्यावर बार घेऊन बैठका मारल्या तर दोन्ही एकदम होतं. पोहणं आणि सायकल मात्र यातल्या कशातच बसत नाहीत. हृदयाला आणि दमाला त्यांच्यासारखा व्यायाम नाही, पण पाण्यात शरीर तरंगतं आणि सायकलवर भार सीट घेते. त्यामुळे बहुतेक अभ्यासांत नियमित पोहणाऱ्या मुलांच्या हाडांची घनता न खेळणाऱ्या मुलांच्या आसपासच दिसते. "पोहायला घाला, हाडं मजबूत होतील" हा सल्ला देणाऱ्या मावश्या-आत्या रागावतील, पण ते तसं आहे.

घाम किती गाळला याच्याशी हाडाला फारसं देणंघेणं नसतं. त्याला हिसका कळतो. पाय जमिनीवर आपटला की हाड केसभर वाकतं, आतल्या बारीक नळ्यांमधला द्रव सरकतो आणि तिथल्या पेशींना 'इथे भर घाला' असा निरोप जातो. पण या पेशी लवकर कंटाळतात. तोच हिसका शंभरदा दिला तर पहिल्या काहींनंतर त्या लक्ष देईनाशा होतात. जपानमध्ये 1997 साली उंदरांवर एक प्रयोग झाला. रोज फक्त पाच उड्या मारणाऱ्या उंदरांची हाडंसुद्धा अजिबात उड्या न मारणाऱ्यांपेक्षा भक्कम निघाली. म्हणजे तासभर एका चालीत चालण्यापेक्षा थोड्या, जोरकस आणि वेगवेगळ्या दिशांनी मारलेल्या उड्या हाडाला जास्त लागू पडतात.

या हिशेबात लंगडी हा अव्वल खेळ. सगळं अंग एका पायावर, त्यात समोरचा हुलकावणी देतो म्हणून क्षणात वळायचं, पुन्हा उडी. ज्याला आपण पोरखेळ म्हणून शाळेच्या वेळापत्रकातून हुसकावला, तो मांडीच्या हाडाला नेमका हवा तो भार देतो. खो-खोतलं खुंटाला वळणंही त्याच जातीचं.

वयाचाही मोठा वाटा आहे. कॅनडात मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली, तेव्हा दिसलं की हाडात खनिज भरण्याचा वेग मुलींमध्ये साधारण साडेबाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षी सर्वांत जास्त असतो. मोठेपणीच्या एकूण खनिजापैकी जवळपास पाव हिस्सा त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत जमा होतो. गंमत म्हणजे उंची त्याआधीच झपाट्याने वाढलेली असते. खांब उभा राहिला, पण सिमेंट अजून पुरतं भरलेलं नाही, अशी ती काही महिन्यांची अवस्था. या वयात मनगटं जास्त मोडतात त्याचं एक कारण हेच. त्या मुलीची हाडं ठिसूळ नव्हती, ती वयाने या टप्प्यावर होती.

मग वजन उचलणं फुकट? मुळीच नाही. स्नायू हाडाला ओढतो, तोही एक निरोपच असतो. 1993 साली अमेरिकेतल्या सतरा-अठरा वर्षांच्या अव्वल ज्युनियर वेटलिफ्टर्सची हाडं मोजली, तेव्हा ती सर्वसाधारण प्रौढ पुरुषांपेक्षाही घन निघाली होती. पण ती मुलं उभं राहून, पाय-कंबर-पाठ सगळं लावून भारी वजन उचलत होती. बसून दंड फुगवल्याने फायदा झालाच तर दंडाच्या हाडाला होईल, कमरेला नाही. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, तसंच हे. फिनलंडमध्ये असंही दिसलं की पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास रॅकेट हातात घेतलेल्या मुलींमध्ये हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो.

वजन उचललं की उंची खुंटते, ही भीती मात्र सोडून द्यावी. प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हलक्या वजनाने आणि नीट पद्धत शिकून केलं तर तसं होत नाही. दुखापती होतात त्या मित्रांसमोर फुशारकी मारताना, नाहीतर बार पायावर पडून. शिवाय मांड्या आणि कंबर बळकट असली तर उडीनंतर गुडघा आत कोसळत नाही. म्हणजे पेलण्याची तयारी उचलण्यातून होते.

पेलण्याचाही अतिरेक होतो. वेगवान गोलंदाजी करणारी पोरं वर्षभर, तीन-तीन संघांकडून, एकाच बाजूला वाकून चेंडू टाकतात. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कमरेच्या खालच्या मणक्याला बहुधा डाव्या बाजूला बारीक तडा जातो. व्यायामाने अंग दुखतं ते पसरट असतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. तड्याचं दुखणं मात्र बहुधा एका ठिकाणी असतं, नडगीवर तर बोट ठेवून दाखवता येतं, आणि खेळलं की वाढतं. तेव्हा स्प्रे मारून मैदानात पाठवू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. खेळाडू मुलीची पाळी काही महिने आली नाही तर "सरावाचा ताण असेल" म्हणून सोडू नये. पोट रिकामं ठेवून केलेला सराव पाळी थांबवू शकतो आणि हाडालाच खातो. नाचणी, दूध आणि ऊन यांचं महत्त्व घरोघरी ठाऊक आहे, पाळलं जात नाही एवढंच.

ती मुलगी आता पार्किंगमध्ये दोरीउड्या मारते आणि डंबेल्स दोन्ही हातांत धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतर करते. एप्रिलात मात्र ती डंबेल्स आजीच्या ताब्यात असतात. गच्चीवर पापड घातलेलं प्लास्टिक वाऱ्याने उडू नये म्हणून.