भोपळा फोडणे

लाल भोपळा म्हणजे डांगर, काशीफळ, अख्खा घरी आणून त्याच्या फोडी करणं, गाभा-बिया काढणं आणि साल तासून भाजी, भरीत, घारग्यांसाठी तयार करणं. सोलापुरात कन्नड घरात याला कुंबळकाई म्हणतात, तेलुगू घरात गुम्मडिकाय, आणि दोन्हीकडे त्याच शब्दाच्या आधी राखेचा शब्द लावला की कोहळा होतो, कारण कोहळ्यावर राखेसारखी पांढरी पूड असते. मराठीत मात्र दोघांना वेगळी नावं आहेत, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

मूळ कुठलं यावर गोंधळ बराच आहे. जुन्या संस्कृत ग्रंथातला कूष्मांड म्हणजे हाच लाल भोपळा असं खूप जण धरून चालतात, पण कोहळा हा शब्दच कूष्मांडावरून आलेला आहे आणि कोहळा आशियातला वेल आहे, त्यामुळे तो कूष्मांड कोहळाच मानणं जास्त बरोबर. लाल भोपळा कुकुर्बिटा प्रजातीतला, ती सगळी अमेरिका खंडातली. मेक्सिकोत ओआहाकाच्या गिला नाकित्झ गुहेत मिळालेल्या बिया साधारण 10,000 वर्षांपूर्वीच्या मानतात, पण त्या पेपो जातीच्या, आपल्या मंडईत येतो तो बहुतेक मोस्काटा. त्याचं मूळ कुणी मेक्सिकोत धरतं, कुणी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, कोलंबियाच्या बाजूला, आणि हे दुसरं मत जास्त पटतं. काहीही असो, भारतात तो 1492 नंतरचाच, म्हणजे कोलंबस अमेरिकेत पोचल्यानंतरचा, बहुधा 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेला.

अख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिली सुरी चालवायची नाही, आधी घरातल्या पुरुषानं वार करायचा, मग बाईनं चिरायचं, अशी चाल काही घरांत अजून पाळतात. साल कडक म्हणून ताकदीसाठी हे आलं असं एक मत आहे, ते फारसं टिकत नाही, सरपणाची लाकडं तर बायकाच फोडत आल्यात. पशुबळीऐवजी कोहळा फोडायची जी रीत आहे तिथून ही चाल नावाच्या गोंधळातून लाल भोपळ्याला चिकटली असावी, हे जास्त जुळतं.

फोडताना देठावर सुरी घालू नये, तो लाकडासारखा असतो, पातं अडकतं आणि मग जोर लावला की घसरतं, हात तिथंच कापतो. खाली ओलं फडकं घालून भोपळा हलणार नाही असा बसवायचा, देठाच्या बाजूला दोन शिरांमधल्या खाचेत जड सुरीचं टोक खुपसायचं आणि मूठ खाली दाबत बुडापर्यंत यायचं, मग फिरवून दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन भाग झाले की देठापाशी हातानं ओढून वेगळे करायचे. विळीवर (इकडे इळी) अख्खा भोपळा घेऊच नये, फोडी झाल्यावर मात्र विळीसारखं सोपं काही नाही. साल फारच टणक असेल तर फोडी पाच मिनिटं वाफवल्या की सुटते. कच्च्या गराचा चीक हाताला लागून वाळला की कातडी ताणल्यासारखी होते, आधी तेलाचा हात लावलेला बरा. एक तुकडा चाखून बघायचा, कडू लागला तर सगळा टाकून द्यायचा, शिजवून कडूपणा जात नाही आणि तो पोटाला बाधतो.

भाजीला मेथीदाण्याची फोडणी, वरून शेंगदाण्याचा कूट, सोबत ज्वारीची भाकरी. पितृपक्षात आणि उपवासालाही चालतो.

देठासकट अख्खा भोपळा कोरड्या सावलीत महिनोन्‌महिने टिकतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तेवढा नाही. चिरलेला असेल तर आधी गाभा काढायचा, कारण कुजणं तिथूनच सुरू होतं, मग फ्रिजमध्ये चार-पाच दिवस जातो. बिया धुऊन वाळवून तव्यावर भाजतात.