माळढोकचा शेरा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलात तर काळवीट हमखास दिसतील. माळढोक दिसला तर गावात बातमी होते. तरी उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळ्यातल्या शेतकऱ्याला या पक्ष्याचं नाव पाठ आहे, ते सातबाऱ्यावरच्या अभयारण्याच्या शेऱ्यामुळे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याखाली १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून काय ते समजा. गावंच्या गावं, उसाचे फड, रस्ते, सगळं हद्दीत आलं आणि बहुतांश जमीन खासगी. कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांचे हक्क तपासून निकाली काढायचे असतात. एवढ्या पसाऱ्यात ते रेंगाळणारच होतं. शेरा मात्र लगेच पडतो आणि बिनशेतीपासून खरेदीखतापर्यंत आडवा येतो.

इकडे वनखात्याने त्याच माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावली. माळ म्हणजे पडीक आणि पडीक दिसलं की झाडं लावा, हा सरकारी समज जुनाच. माळढोकाला हवं मोकळं गवत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

हद्द फार मोठी आखल्याची चूक कळली तरी ती कमी करणं राज्याच्या हातात नव्हतं. अभयारण्याची जमीन आपल्या परवानगीशिवाय वगळायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये बजावलं होतं. फाइल दिल्लीच्या वाऱ्या करत राहिली आणि २०१२ च्या सुमारास अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं.

हवामानबदलावर देशात स्वतंत्र कायदा नाही. गंमत अशी, की त्याविषयीचा सर्वांत मोठा निकाल माळढोकाच्याच खटल्यात आला. या जड पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा नीट दिसत नाहीत, म्हणून त्या जमिनीखाली घाला, अशी माजी सनदी अधिकारी व वन्यजीव अभ्यासक एम. के. रणजितसिंह यांची सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. २०२१ मध्ये न्यायालयाने तसा आदेश दिला. सौरऊर्जा अडते, अशी तक्रार घेऊन केंद्र सरकार परत गेलं. २१ मार्च २०२४ ला न्यायालयाने सरसकट अट काढली, तज्ज्ञ समिती नेमली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ व २१ मधला हक्क मानला.

त्या खटल्यातले नकाशे राजस्थान-गुजरातचे. नान्नजचा कारभार अजून पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे आणि १९७२ च्याच कायद्यावर चालतो.