पलंगाला बांधण्याआधीची पाच मिनिटं

मनोरुग्णालयात एखादा पेशंट भडकतो, ताट भिरकावतो. चौघं धावत येतात, हातपाय धरतात आणि पट्ट्यांनी त्याला पलंगाला बांधतात. नातेवाइकांनाही वाटतं, दुसरं काय करणार? पण बांधणं हा उपचार नव्हे. पालथं दाबून धरलं तर श्वास कोंडतो. बराच वेळ बांधून ठेवलं तर पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. लंडनमध्ये २०१० साली ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा तरुण स्वतःहून उपचारासाठी दाखल झाला होता. अकरा पोलिसांनी त्याला दाबून धरलं आणि त्यातच तो दगावला. ब्रिटनने २०१८ मध्ये केलेला कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यात बळाचा वापर कसा टाळायचा याचं कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे.

हे प्रशिक्षण द्यायचं कसं? वर्गात सहकाऱ्यालाच पेशंट केलं, तर सगळे हसतात. छातीत धडधड होत नाही. डोळ्यांवर व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे संगणकाने उभं केलेलं आभासी जग) हेडसेट चढवला की समोर वॉर्ड उभा राहतो. येरझाऱ्या घालणारा माणूस तुमच्याकडे वळतो. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत तर त्याचा आवाज चढेल, तिथेच थांबून हात मोकळे दिसू दिलेत तर कदाचित उतरेल, असा प्रसंग रचता येतो. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून, आणि कुणाला इजा नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती उलटी बाजू. सिस्टरला किंवा वॉर्डबॉयला पेशंटच्या जागी झोपवायचं: वर पंखा, चार अनोळखी चेहरे, हलू न शकणारं मनगट. बार्सिलोनाच्या संशोधकांनी कौटुंबिक हिंसाचार केलेल्या पुरुषांना व्हीआरमध्ये स्त्रीच्या शरीरातून धमकावणी अनुभवायला लावली. त्यानंतर स्त्रियांच्या चेहऱ्यावरची भीती त्यांना जास्त अचूक ओळखता येऊ लागली, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. वॉर्डातही नेमकी हीच ओळख हवी असते, कारण आपल्याला जो राग दिसतो तो पुष्कळदा भेदरलेपणा असतो.

प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, एवढ्यावर मात्र मी समाधान मानणार नाही. बांधण्याचे प्रसंग किती घटले, ते मोजायला हवं. इंग्लंडमध्ये १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत ‘सेफवॉर्ड्स’ या, वॉर्डातले संघर्ष आणि बळजबरी कमी करण्याच्या पद्धतीची चाचणी झाली. बळजबरीच्या उपायांचं प्रमाण त्यात सुमारे २६ टक्क्यांनी घटलं, तेही कोणत्याही यंत्राशिवाय. त्यातली एक रीत फार साधी आहे: ‘या रविवारी कुणी येणार नाही’ असा घरून फोन आला, की पेशंट भडकायची वाट न पाहता सिस्टरने लगेच त्याच्याजवळ जाऊन बसायचं.

हेडसेटमध्ये सरावासाठी घ्यावा तो हाच क्षण. पण शेजारी बसायला माणूस लागतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, सगळीकडे लागू असलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं, की तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच बांधता येईल, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हे कारण त्या कायद्याला चालत नाही.