विडी सिगारेटपेक्षा बरी असते का?

गावाकडे अजूनही लोक ठामपणे सांगतात की विडी सिगारेटपेक्षा बरी, ती पानाची असते, त्यात कागद नाही, केमिकल नाही आणि तंबाखू तरी केवढी, चिमूटभर. चिमूटभर हे खरंय, एका विडीत सिगारेटच्या साधारण पाव भागच तंबाखू असते. पण छातीत किती विष जातं हे तंबाखूच्या वजनावर ठरत नाही, ती जळते कशी आणि माणूस ओढतो कसा यावर ठरतं, आणि तिथेच विडी घात करते.

तेंदूपत्ता सिगारेटच्या कागदासारखा हवा आत येऊ देत नाही. त्यामुळे धूर पातळ होत नाही, तंबाखू नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. त्यात विडी सारखी विझते, म्हणून माणूस सिगारेटच्या दुप्पट वेळा झुरके घेतो आणि तेही जोर लावून, खोल छातीत. फिल्टर तर नसतोच. म्हणून तंबाखू कमी असूनही निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड हे तिन्ही सिगारेटपेक्षा जास्त मिळतात असं मोजणीत दिसलंय. हा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या असलेल्या हृदयाला रक्त मिळतं पण त्यात ऑक्सिजन कमी.

मुंबईत 1990 च्या दशकात 35 वर्षांपुढच्या लोकांची नोंद करून पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. त्यात तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांमधे मृत्यूचं प्रमाण 37 टक्क्यांनी जास्त निघालं आणि विडीवाल्यांमधे 64 टक्क्यांनी. 2008 साली आलेल्या देशभरच्या मोठ्या अभ्यासात मात्र क्रम उलटा होता, सिगारेटवाल्या पुरुषांचं आयुष्य सरासरी 10 वर्षांनी कमी, विडीवाल्यांचं 6 आणि विडी ओढणाऱ्या बायकांचं 8. यातला कुठलाही आकडा घ्या, विडी सुरक्षित असं त्यातून काढताच येत नाही. सहा वर्षं म्हणजे नातवंडं शाळेत जाताना बघायची वर्षं हो.

लोक कॅन्सरला घाबरतात ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे धूम्रपानाचं टीबीशी असलेलं नातं मला जास्त काळजीचं वाटतं कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही. श्वासनळीला आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं, ते कफ आणि जंतू वर ढकलत राहतं. धुराने ते लुळं पडतं, फुफ्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशीही कमजोर होतात, आणि मग वर्षानुवर्षं शांत पडून राहिलेला टीबी डोकं वर काढतो. 2003 मधे तमिळनाडूतला अभ्यास आला, त्यात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमधे टीबीने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त होतं. टीबीची गोळी चालू आणि विडीही चालू असं घरोघरी दिसतं, आणि घरचेही "एवढी तरी राहू दे" म्हणतात.

आणखी एक आजार, बर्गर. साधारण चाळिशीच्या आतल्या ओढणाऱ्या पुरुषांना होतो, हातापायाच्या छोट्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात, आधी चालताना पोटरी दुखते, मग पायाचं बोट काळं पडतं आणि कधी कधी कापावं लागतं. इथे औषधापेक्षा विडी पूर्ण बंद करणं महत्त्वाचं, दिवसाला एक-दोनवर आणलं तरी आजार पुढे सरकतोच.

ओढत नाहीत पण विड्या वळतात त्यांचंही सांगायला हवं. सोलापूरकडे हजारो बायका घरीच वळतात, तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते, आणि शेजारी लहान मूल झोपलेलं असतं.

सोडल्यावर शरीर पटकन सावरायला लागतं. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसात रक्तातून उतरतो, वर्षभरात हार्ट अटॅकचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. तलफ पहिले काही आठवडे छळते, तेव्हा 1800-11-2356 या सरकारी क्विटलाइनवर फोन करा, तो फुकट आहे, आणि टीबीची ट्रीटमेंट चालू असेल तर विडी ओढता हे डॉक्टरांना आधी सांगा.